रेसिड्युअलमध्ये वर्षभराची लाट दिसली म्हणजे पल्सरला ग्रह सापडला का?

आधी प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. प्रश्न विचारणाऱ्यांनी एका मिलिसेकंद पल्सरचा (पल्सर म्हणजे घड्याळासारखे रेडिओ ठोके देणारा, गरगर फिरणारा न्यूट्रॉन तारा, फुटलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा; मिलिसेकंदवाला काही मिलिसेकंदांत एक फेरी मारतो) चार वर्षांचा ओपन डेटा उतरवून घेतला, जुन्या शोधनिबंधातले आकडे घेऊन स्वतःची पार फाईल (पल्सरच्या मॉडेलचे आकडे असलेली फाईल) बनवली, पिंट या टायमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चालवली, आणि रेसिड्युअलमध्ये (ठोक्याची मोजलेली वेळ वजा मॉडेलची वेळ) मस्त गोलसर लाट आली. पिरियड साधारण ३६८ दिवस, उंची सरासरी १८० मायक्रोसेकंद. त्यावरून मंगळाच्या जवळपास दीडपट वजनाचा ग्रह निघतो असं गणित केलंय आणि विचारलंय की हा ग्रह आहे का, असेल तर पुढे काय करायचं. शिवाय एक उपप्रश्न, की सुपरनोव्हात तारा फुटल्यावर ग्रह उरतोच कसा.

तुमचं गणित मी हातानं परत करून बघितलं, बरोबर आहे. पल्सरचं वजन सूर्याच्या १.४ पट धरलं तर ३६८ दिवसांची कक्षा १.१२ खगोलीय एककावर (पृथ्वी-सूर्य अंतराच्या १.१२ पट) येते, आणि १८० मायक्रोसेकंदांना पृथ्वीच्या ०.१५ पट वजन लागतं, म्हणजे मंगळाच्या दीडपटीला जरा कमी. तरी मला वाटतं तुम्हाला जो ग्रह सापडलाय तो पृथ्वी आहे. आपलीच, जिच्यावर दुर्बीण बसवलेली आहे ती. का ते सविस्तर सांगतो. फक्त एक आधीच कबूल करतो, तुमची पार फाईल मी पाहिलेली नाही, फक्त प्लॉट पाहिलाय, त्यामुळे मॉडेलचे कोणते पॅरामीटर फिटला (डेटाशी जुळवून घ्यायला) मोकळे ठेवले होते आणि पल्सरच्या आकाशातल्या जागेचा आकडा किती जुना आहे यावर पुढचं बरंच अवलंबून आहे.

तर मुळात आपण काय मोजतो तिथून सुरू करू. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो असं आपण म्हणतो, पण खरं दोघंही मधल्या एका बिंदूभोवती फिरतात, तारा जड म्हणून त्याचं वर्तुळ छोटं. पृथ्वीमुळे सूर्य जो हलतो ते वर्तुळ फक्त ४५० किलोमीटर त्रिज्येचं आहे. साध्या ताऱ्याच्या प्रकाशात हे पकडायचं तर सेकंदाला ९ सेंटीमीटर वेग मोजावा लागतो, जे आजही भयंकर अवघड आहे. पण समजा सूर्य पल्सर असता, घड्याळासारखा टिकटिकत असता, तर ४५० किलोमीटर म्हणजे प्रकाशाला १.५ मिलिसेकंद, म्हणजे त्याचे ठोके वर्षभरात १.५ मिलिसेकंद उशिरा आणि तेवढेच लवकर आले असते. गुरूमुळे तर अडीच सेकंदांचा फरक पडला असता, फक्त तो कळायला बारा वर्षं बसावं लागलं असतं. मिलिसेकंद पल्सरचे ठोके आपण एखाद-दोन मायक्रोसेकंदांपर्यंत मोजतो, कधी त्याहूनही बारीक. त्यामुळे इथं पृथ्वीएवढा ग्रह म्हणजे खूप मोठा सिग्नल आहे.

याच कारणानं सूर्यमालेबाहेरचे पहिले पक्के ग्रह पल्सरभोवती सापडले. आलेक्सांदर वोल्श्चान आणि डेल फ्रेल यांनी जानेवारी १९९२ मध्ये पीएसआर बी१२५७+१२ भोवतीचे दोन ग्रह जाहीर केले, सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा ५१ पेगासी बी त्यानंतर १९९५ ला आला. गंमत म्हणजे तो पल्सर सापडला १९९० मध्ये, अरेसिबोची ३०५ मीटरची दुर्बीण दुरुस्तीला काढलेली असताना. तेव्हा ती हवी तशी वळवता येत नव्हती, त्यामुळे नेहमीची कामं बंद, आणि आकाश डोक्यावरून सरकेल तसा पट्टा तपासत बसायला वेळच वेळ. आता ती दुर्बीण नाही, डिसेंबर २०२० मध्ये कोसळली.

या पल्सरचे आकडे ध्यानात ठेवा, पुढे लागतील. एक फेरी ६.२२ मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाला १६० च्या वर ठोके, दिवसाला १ कोटी ३९ लाखांच्या आसपास. ग्रह तीन. ६६.५ दिवसांचा आणि ९८.२ दिवसांचा हे दोन मोठे, पृथ्वीच्या ४.३ आणि ३.९ पट, त्यांची लाट १.३ आणि १.४ मिलिसेकंद उंचीची. आणि १९९४ मध्ये जाहीर झालेला तिसरा, २५.३ दिवसांचा, पृथ्वीच्या फक्त ०.०२ पट, म्हणजे चंद्राच्या दुपटीहूनही हलका. त्याची लाट ३ मायक्रोसेकंद. प्रकाश ३ मायक्रोसेकंदात ९०० मीटर जातो. म्हणजे हजारो प्रकाशवर्षं लांबचा एक तारा एक किलोमीटरही सरकत नाही आणि ते आपल्याला दिसतं. इतकी वर्षं हेच काम करतोय तरी हा आकडा लिहिताना मी अजून एकदा गुणाकार तपासतो.

आता हे ठोके मोजतात कसे, कारण घोळ इथूनच सुरू होतो. एकेक ठोका आपल्याला बहुतेक वेळा ऐकूच येत नाही, तो आवाजात (नॉइजमध्ये) बुडालेला असतो. म्हणून अर्ध्या तासाचा डेटा पल्सरच्या पिरियडनं घडी घालत जायचा, एकावर एक लाखो ठोके ठेवायचे, मग एक स्वच्छ आकार वर येतो. तो आकार साच्याशी जुळवायचा आणि किती सरकलाय त्यावरून आगमनाची एक वेळ काढायची, जिला आपण टीओए म्हणतो. तुमच्या टिम फाईलमधली प्रत्येक ओळ म्हणजे अशी एक वेळ. मग मॉडेल सांगतं की या क्षणी पल्सरच्या अमुक कोटीव्या फेरीचा ठोका यायला हवा होता, आणि आलेल्या वेळेतून मॉडेलची वेळ वजा केली की उरतं ते रेसिड्युअल. एकही फेरी मोजायची चुकायला नको, चार वर्षांत एकसुद्धा, ही टायमिंगची खरी ताकद आहे.

पण ती वेळ मोजली गेली पृथ्वीवर, आणि पृथ्वी स्वस्थ बसलेली नाही. ती सूर्याभोवती फिरते, कधी पल्सरच्या बाजूला ४९९ प्रकाशसेकंद पुढे, कधी तेवढीच मागे. म्हणजे कुठल्याही ग्रहाच्या आधी तुमच्या डेटात वर्षाच्या पिरियडची, जवळपास ५०० सेकंद उंचीची एक अजस्र लाट बसलेली असते (पल्सर क्रांतिवृत्ताजवळ, म्हणजे पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीजवळ असेल तर पूर्ण, वर-खाली असेल तर थोडी कमी). आपण सगळ्या वेळा सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्रावर, म्हणजे बॅरीसेंटरवर नेतो तेव्हा ही लाट वजा होते. तुम्ही शोधताय १८० मायक्रोसेकंद. ५०० सेकंदांतून वजाबाकी करून १८० मायक्रोसेकंद खरे उरले असं म्हणायचं असेल तर ती वजाबाकी तीस लाखांत एक इतकी बरोबर पाहिजे. आणि ती बरोबर येण्यासाठी पृथ्वी कुठं आहे हे माहीत पाहिजे, जे ग्रहांच्या तक्त्यांतून फार छान माहीत असतं, आणि पल्सर नक्की कोणत्या दिशेला आहे हेही माहीत पाहिजे. हे दुसरं तुमच्या पार फाईलवर आहे.

दिशा जरा चुकली तर वजाबाकीत थोडी शिल्लक राहते आणि ती शिल्लक वर्षाच्या पिरियडनंच वरखाली होते. किती चुकली तर १८० मायक्रोसेकंद? १८० मायक्रोसेकंद भागिले ४९९ सेकंद, हा झाला रेडियनमधला कोन, म्हणजे ०.०७ आर्कसेकंद. ५५ किलोमीटरवर ठेवलेलं दोन सेंटीमीटरचं नाणं जेवढं दिसेल तेवढा कोन. जुन्या शोधनिबंधातली जागा तेवढी चुकलेली असणं अगदी सहज शक्य आहे, कित्येकदा याच्या दसपट चुकलेली असते.

यावर तुम्ही म्हणाल की पण माझा पिरियड ३६८ दिवस आहे, ३६५ नाही. चार वर्षांच्या डेटात या दोन्हींत फरक करता येत नाही हो. दर वर्षी तीन दिवसांचं अंतर पडणार, चार वर्षांत बारा, म्हणजे एका फेरीच्या तीन-साडेतीन टक्के. तेवढं तर लाटेचा आकार थोडा बिघडला तरी येतं. आणि तुमच्या बाबतीत आकार बिघडलेला आहेच.

प्लॉट नीट बघा. पहिल्या वर्षीचा शेंडा १४० च्या जवळ आहे आणि शेवटच्या वर्षीचा २२० च्या. तुम्ही १८० सरासरी काढून पुढे गेलात, पण गोष्ट त्या फरकात आहे. ग्रहाची लाट दर वर्षी वाढत नाही, तिला वाढायचं काही कारणच नाही. दर वर्षी वाढणारी वार्षिक लाट म्हणजे पल्सर आकाशात सरकतोय आणि तुमचं मॉडेल त्याला एका जागी खिळवून बसलंय. तीन वर्षांत ८० वाढली म्हणजे वर्षाला २७ मायक्रोसेकंद, कोनात वर्षाला ११ मिलिआर्कसेकंद, मिलिसेकंद पल्सरसाठी अगदी नॉर्मल वेग. आता उलटं मोजा, १८० भागिले २७, पावणेसात वर्षं. म्हणजे तुमच्या डेटाच्या मध्यापासून साधारण पावणेसात वर्षं मागे गेलं की लाट शून्य होते, तेव्हा जागा बरोबर होती. माझा अंदाज आहे की पार फाईलमधल्या पोझइपॉकची (पल्सरची जागा ज्या दिवसाची धरली आहे त्याची) तारीख त्याच्याच आसपासची निघेल. नाही निघाली तर इथं येऊन मला खुशाल बोला.

ही चूक फक्त नवख्यांची असं समजू नका. जुलै १९९१ मध्ये अँड्र्यू लाईन, मॅथ्यू बेल्स आणि सेतनाम शेमार या ब्रिटनमधल्या जोड्रेल बँक वेधशाळेच्या मंडळींनी पीएसआर बी१८२९-१० भोवती सहा महिन्यांच्या कक्षेत एक ग्रह जाहीर केला होता, पृथ्वीच्या दसपट वजनाचा. पल्सरच्या क्षेत्रातली ही नावाजलेली माणसं. सहा महिने म्हणजे वर्षाचं बरोबर निम्मं, त्यामुळे कुजबूज तेव्हाही होती. झालं असं होतं की पल्सरची सुरुवातीची जागा चुकलेली होती, आणि त्या चुकलेल्या जागेवरून केलेल्या वजाबाकीत पृथ्वीची कक्षा गोल धरलेली होती. जागा पुढे सुधारली, पण कक्षा लंबगोल आहे तो बारीक भाग तसाच मागे राहिला, आणि लंबगोलाचा हा उरलेला भाग वर्षातून दोनदा वरखाली होतो. तिथून आले सहा महिने. जानेवारी १९९२ मध्ये अटलांटाच्या खगोलशास्त्रज्ञांच्या परिषदेत लाईन यांनी उभं राहून सांगितलं की आमचा ग्रह नाही, चूक आमची. सभागृहानं उभं राहून टाळ्या वाजवल्या. आणि त्याच सत्रात वोल्श्चान यांना स्वतःचे ग्रह सांगायचे होते! कल्पना करा त्या माणसाची.

वोल्श्चान यांची बाजू पक्की का होती हे बघण्यासारखं आहे. एक तर ६६ आणि ९८ दिवसांचा वर्षाशी काही संबंध लागत नाही. दुसरं, जागा त्यांनी फक्त टायमिंगमधून काढली नव्हती, फ्रेल यांनी व्हीएलए या वेगळ्या दुर्बीणसंचावरून पल्सरची जागा स्वतंत्रपणे मोजली. हा मुद्दा तुमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे, कारण याची उलटी बाजू अशी की तुम्ही जागा फिटला मोकळी सोडली की ती वार्षिक लाट गिळून टाकते, आणि समजा खरोखरच वर्षाच्या पिरियडचा ग्रह असेल तर तोही गिळला जातो. टायमिंगला तिथं चक्क आंधळा डाग आहे. त्यातून बाहेर पडायचं तर जागा दुसरीकडून आणावी लागते, लांब लांबच्या रेडिओ दुर्बिणी जोडून केलेल्या मोजणीतून, किंवा पल्सरचा जोडीदार पांढरा बटू (आयुष्य संपलेल्या ताऱ्याचा छोटा गाभा) असेल आणि तो पुरेसा तेजस्वी असेल तर गाया उपग्रहाच्या यादीतून. आणि तिसरी गोष्ट, जिच्यामुळे मग कुणाला शंकाच उरली नाही: ते दोन ग्रह ३ला २ अशा प्रमाणाच्या जवळ फिरतात, त्यामुळे एकमेकांना ठरावीक पद्धतीनं ओढतात आणि कक्षा हळूहळू बदलतात. हे असं दिसेल असं भाकीत १९९२ मध्येच झालं होतं आणि १९९४ मध्ये ते डेटात दिसलं. पृथ्वीच्या चुकलेल्या वजाबाकीला असं एकमेकांना ओढणं काही जमणार नाही. पुढे त्याच ओढाओढीतून ग्रहांची खरी वजनं निघाली. नाहीतर टायमिंगमधून नेहमी किमान वजन मिळतं, कक्षा किती कललेली आहे ते कळत नाही म्हणून. तुमचं ०.१५ सुद्धा किमानच आहे, तेवढं गणितात लिहायचं राहिलंय.

इथपर्यंत पृथ्वीची जागा झाली. पण समजा उद्या तुम्हाला ८० दिवसांची लाट सापडली, तर काय काय बघायचं? मी सगळ्यात आधी फ्रिक्वेन्सी बघतो. ग्रह पल्सरला ओढतो तेव्हा सगळ्या रेडिओ लहरी सारख्याच उशिरा येतात, पण वाटेतल्या इलेक्ट्रॉनमुळे होणारा उशीर खालच्या फ्रिक्वेन्सीला जास्त असतो, फ्रिक्वेन्सीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. बी१२५७+१२ चं डीएम (वाटेत किती इलेक्ट्रॉन आहेत त्याचं माप) १०.१७ आहे, त्यामुळे ४३० मेगाहर्ट्झला त्याचे ठोके तब्बल २२८ मिलिसेकंद मागे पडतात, म्हणजे छत्तीस-सदतीस फेऱ्या. डीएम नुसतं ०.००१ नं हललं तरी ४३० ला २२ मायक्रोसेकंदांचा फरक, १४०० ला फक्त दोन. म्हणून दोन बँडचे (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांचे) रेसिड्युअल वेगळ्या रंगात काढायचे. दोन्हीत लाट सारखी असेल तर पुढे बोलू, खालच्या बँडमध्ये दसपट असेल तर तो वाटेतला वायू आहे किंवा सूर्याचा वारा (सूर्यातून सतत सुटणारे कण). सूर्याच्या वाऱ्याचं तर विशेष बघा, पल्सर वर्षातून एकदा सूर्याच्या जवळून जाताना दिसत असेल तर त्या आठवड्यांत डीएम वर जातं आणि दर वर्षी त्याच तारखांना एक टेंगूळ येतं.

हाच प्रश्न त्या तिसऱ्या छोट्या ग्रहावर आला होता. २५.३ दिवस. सूर्य स्वतःभोवती किती दिवसांत फिरतो? विषुववृत्तापाशी पंचवीसच्या आसपास. १९९७ मध्ये काही जणांनी रीतसर लिहिलं की हा ग्रह नाही, सूर्याबरोबर फिरणारा वारा आहे, आणि ३ मायक्रोसेकंद एवढ्याशा सिग्नलसाठी ती शंका अगदी रास्त होती. मग वोल्श्चान आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींना मोजून २००० मध्ये दाखवलं की लाट सगळीकडे सारखीच आहे. वारा असता तर वरच्या फ्रिक्वेन्सीला ती जवळजवळ गायब व्हायला हवी होती. ग्रह टिकला.

दुसरं बघतो ते म्हणजे लाटेचे फेरे किती. चार वर्षांच्या डेटात तीन वर्षांची लाट असेल तर मी ती उघडून पण बघत नाही. त्याचं कारण गमतीशीर आहे. पल्सरचा फिरण्याचा वेग आणि त्याचं मंदावणं आपण दर वेळी फिट करतो, म्हणजे डेटातून एक सरळ रेषा आणि एक पॅराबोला काढून टाकतो. मूळात काहीतरी अनियमित, हळूहळू भटकणारा आवाज असेल तर त्यातून हे दोन गेल्यावर उरतो तो वर-खाली-वर असा वळसा, आणि तो हुबेहूब साईन वेव्हसारखा दिसतो. तरुण, सावकाश फिरणाऱ्या पल्सरमध्ये असा हळू भटकणारा आवाज (त्याला लाल आवाज म्हणतात) भरपूर असतो, शिवाय काही पल्सरचं मंदावणं दोन स्थितींमध्ये बऱ्यापैकी ठरावीक अंतरानं उड्या मारतं, ते तर ग्रहासारखं दिसायला अगदी तयारच. बी०३२९+५४ भोवती ग्रह असल्याचे दावे १९७९ पासून होत आले, एकदा तीन वर्षांचा, एकदा सतरा वर्षांच्या आसपासचा, एकही टिकला नाही. मिलिसेकंद पल्सर जास्त शांत, म्हणून तुम्ही तिथं शोधलंत ते बरोबरच केलंत.

तिसरं यंत्रं. याबद्दल माझीच गोष्ट सांगतो, सुरुवातीच्या दिवसांतली. मला २१० दिवसांचा एक ग्रह सापडला होता, ४० मायक्रोसेकंद, फ्रिक्वेन्सीची चाचणी पास, वर्षाशी संबंध नाही, फेरे सहा. दोन आठवडे मी कुणाला न सांगता हवेत चालत होतो. मग सांगितलं, तर एका ज्येष्ठांनी काही न बोलता लॉगबुक समोर ठेवलं. त्यात पेन्सिलनं नोंदी होत्या, रेकॉर्डिंगची दोन यंत्रं आळीपाळीनं वापरली जात होती, दर साडेतीन महिन्यांनी बदल, आणि दोन्हींच्या वेळेत ४० मायक्रोसेकंदांचा नाही तर ८० चा फरक होता, वर ४० खाली ४०. लाट नव्हतीच, पायऱ्या होत्या, टीओएमधल्या एररबारमुळे (मोजणीतल्या अनिश्चिततेमुळे) मला त्या गोल दिसत होत्या. दोन यंत्रांमध्ये एक जंप (दोघांच्या वेळेतला ठरावीक फरक) फिट केला आणि ग्रह गेला. तेव्हापासून मी लाट शोधायच्या आधी लॉगबुक वाचतो. ओपन डेटात लॉगबुक नसतं पण टिम फाईलच्या प्रत्येक ओळीत यंत्राचं नाव फ्लॅग म्हणून असतं, त्यानुसार रंग देऊन बघा.

या सगळ्यातून पार पडलं तरी मी डेटाचे दोन तुकडे करून वेगवेगळे फिट करतो. पिरियड, उंची आणि विशेषतः फेज (लाटेचा शेंडा नेमका कधी येतो ते) दोन्हीकडे जुळले पाहिजेत, आणि पहिल्या तुकड्यावरून दुसऱ्याचं भाकीत करता आलं पाहिजे. ग्रह वेळापत्रक पाळतो, आवाज पाळत नाही.

आणि अपेक्षा पण थोडी धरून ठेवा. तीन हजारांहून जास्त पल्सर माहीत आहेत आणि ग्रह असलेले बोटांवर मोजण्याइतके. २०२२ मध्ये जोड्रेल बँकच्या ८०० पल्सरचा डेटा चाळला गेला, निष्कर्ष असा की पृथ्वीएवढे ग्रह असू शकतील असे पल्सर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणजे नवी लाट दिसली की ती दुसरंच काहीतरी असण्याची शक्यता आधीपासूनच फार मोठी असते.

आता उपप्रश्न, ग्रह उरतोच कसा. थोडक्यात उत्तर म्हणजे बहुतेक उरत नाही. गोल कक्षेतल्या ग्रहाच्या ताऱ्याचं निम्म्याहून जास्त वजन झटक्यात उडालं तर ग्रह सुटून जातो, वर स्फोट थोडा एकांगी झाला तर पल्सरलाच लाथ बसते. म्हणून आज दिसणारे ग्रह हे आधीचे वाचलेले नसावेत, असं आम्ही बहुतेक जण धरून चालतो. बी१२५७+१२ चे ग्रह जवळजवळ गोल कक्षेत आणि जवळपास एकाच पातळीत आहेत, हे चकतीतून तयार झाल्याचं लक्षण. ती चकती कुठून आली यावर मात्र मतं आहेत: स्फोटातून मागे पडलेला माल असेल, किंवा पल्सरनं फाडून टाकलेला जोडीदार असेल. अशी चकती असू शकते हे निदान दिसलेलं आहे, २००६ मध्ये स्पिट्झर दुर्बिणीला ४यू ०१४२+६१ या तरुण न्यूट्रॉन ताऱ्याभोवती धुळीची चकती मिळाली. मला व्यक्तिशः फाडलेला जोडीदार जास्त पटतो, कारण बी१२५७+१२ मिलिसेकंद पल्सर आहे आणि इतका वेग येण्यासाठी त्यानं कुणाचं तरी खाल्लेलं असणारच.

बाकीच्यांच्या कथा पार वेगळ्या आहेत. एम४ या तारकागुच्छातल्या बी१६२०-२६ भोवती एक पांढरा बटू आहे आणि दोघांभोवती गुरूच्या अडीचपट वजनाचा ग्रह, एक फेरी शंभर वर्षांच्या घरात, तो बहुधा गर्दीत दुसऱ्या ताऱ्याकडून पळवलेला. जे१७१९-१४३८ चा जोडीदार २०११ मध्ये जाहीर झाला, गुरूएवढा जड आणि २ तास १० मिनिटांत एक फेरी, अख्खी कक्षा सूर्याच्या पोटात मावेल एवढी. इतक्या जवळ न फाटता राहायचं तर त्याची घनता घन सेंटीमीटरला २३ ग्रॅमच्या वर हवी, ऑस्मियमपेक्षा जास्त. तो कधीकाळी ताराच होता, सोलून सोलून गाभा उरलाय. हिऱ्याचा ग्रह म्हणून ज्याच्या बातम्या येतात तो हाच, त्याला ग्रह म्हणायचं का यावर चहा प्यायला बसलं की वाद होतात. जे२३२२-२६५० चा जोडीदारही याच जातीतला वाटतो, आणि त्याच्याकडे तर जेम्स वेब दुर्बिणीनं बघून वातावरणात कार्बनचे रेणू पकडले, म्हणजे पल्सरचा ग्रह आता फक्त घड्याळातली लाट राहिलेला नाही.

तर तुम्ही आता करायचं ते असं. पार फाईलमध्ये आरएजे आणि डेकजेच्या (आकाशातल्या जागेच्या) आकड्यांपुढे १ लावा म्हणजे ते फिट होतील, पीएमआरए आणि पीएमडेकच्या (त्या जागेच्या सरकण्याच्या वेगाच्या) ओळी बहुतेक तुमच्याकडे नाहीतच, त्या शून्यापासून घाला आणि त्यांनाही १ लावा. पोझइपॉक डेटाच्या मध्यावर आणा. मग फिट चालवा. १८० ची लाट जाईल असं मला वाटतं, आणि जी जागा व जो वेग मिळेल तो नवीन कॅटलॉगशी ताडून बघा, जुळला तर टायमिंग तुम्हाला यायला लागलं. नंतर सहा महिन्यांच्या पिरियडची एखाद-दीड मायक्रोसेकंदांची बारीक लाट उरलेली दिसली तर घाबरू नका आणि परत ग्रहही म्हणू नका, तो पॅरलॅक्स आहे (पृथ्वी जागा बदलते म्हणून पल्सरच्या अंतरानुसार पडणारा बारीक फरक), पार फाईलमध्ये त्याचा आकडा पीएक्स फिट केलंत की पल्सर किती लांब आहे ते कळेल. त्यासाठी टीओए तेवढे बारीक असायला हवेत, ते तुमच्या एररबारवर आहे. आणि कळवायचं कुठं हा प्रश्न सध्या बाजूला राहू दे. नवीन प्लॉट इथंच टाका, या वेळी दोन्ही बँड वेगळ्या रंगात, आणि पोझइपॉकची जुनी तारीख पण सांगा, पावणेसात वर्षांचा माझा अंदाज कितपत जमला ते मला बघायचंय.